एकाच घरातले पाच बाजार

या घरात कुणीही खोटं बोलत नव्हतं. तरी रोज रात्री जेवताना एकाच प्रश्नावरून वाद पेटायचा: नागपुरात काम आहे की नाही? आजोबा म्हणायचे, काम होतं तेव्हा होतं, आता संपलं. बाबा म्हणायचे, सरकारी सोडून कशातच दम नाही. मामाजी आले की म्हणायचे, करणाऱ्याला ढीगभर काम आहे. आई फारसं बोलायची नाही. आणि जिच्या नोकरीवरून हे सगळं चालायचं, ती चोवीस वर्षांची मुलगी अर्ध्या ताटावरून उठून जायची.

मी दक्षिण नागपुरातल्या एका छोट्या संस्थेच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात अकरा वर्षांपासून काम करते. अशी घरं रोज भेटतात. हे एक प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण अर्थव्यवस्थेबद्दलचं घरातलं मत नुसतं मत राहत नाही, कोणत्या दाराची कडी वाजवायची आणि कोणत्या दारावरून तसंच पुढे जायचं हे तेच ठरवतं, ही गोष्ट मला इथे पहिल्यांदा नीट दिसली. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं गाळली आहेत, कारखान्यांचीही.

ठरलेली खुर्ची

मुलगी बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र, नागपूर विद्यापीठाची २०२१ ची बॅच. या मुलांना सगळे 'कोविड बॅच' म्हणतात आणि मुलाखत घेणारी माणसं तो शब्द कोणत्या सुरात उच्चारतात हे मी कित्येकांकडून ऐकलं आहे. शेवटच्या वर्षाचा मोठा भाग तिने मानेवाड्याच्या घरी बसून केला. परीक्षा ऑनलाइन, प्रात्यक्षिकांचे व्हिडिओ मोबाइलवर. ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी, हातात धरली ती दुसऱ्या वर्षापर्यंतच.

पदवीनंतर ती घराजवळच्या अभ्यासिकेत बसू लागली. महिन्याला सातशे रुपये, ठरलेली खुर्ची, सकाळी सात ते रात्री नऊ. २०२३ च्या तलाठी भरतीवर तिची सगळी भिस्त होती. ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. परीक्षा शुल्क खुल्या वर्गाला १,००० आणि राखीव वर्गाला ९०० रुपये. तिने ९०० भरले, परीक्षा दिली आणि निकालाची वाट बघत असताना, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आईबरोबर आमच्याकडे आली. पहिलंच वाक्य होतं, "ताई, दोन वर्षं मी काहीच नाही केलं."

तिच्या बायोडेटात २०२१ नंतरची जागा कोरी होती. रोज चौदा तास खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला त्याबद्दल लिहायला एक ओळ सापडत नव्हती. जानेवारीत निकाल लागला. तिचं नाव यादीत नव्हतं.

माझी चूक इथेच झाली. मी कॉलेजात होते तेव्हा सगळ्या नागपुराच्या तोंडी 'मिहान येतंय' हे दोन शब्द होते. मिहान म्हणजे विमानतळाजवळचा मोठा मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्प. पुढे कंपन्या आल्याही. त्या काळाचा ठसा माझ्यावर आहे. मुलगी पदवीधर आहे, इंग्रजी वाचते, म्हणजे हिला संगणकावरचं काम मिळेल असं मी मनाशी धरलं आणि तिला तीन महिन्यांच्या ऑफिस-अकाउंटिंगच्या कोर्सला पाठवलं. सहा हजार रुपये आणि एक हिवाळा त्यात गेला. तिच्या पदवीवर 'रसायनशास्त्र' लिहिलं आहे, याकडे मी त्या वेळी पाहिलंच नाही. घरातल्या पाच मतांत सहावं माझं होतं आणि तेही तिच्या वाटेत आडवं आलं.

घरी गेले तो रविवार

जुलै २०२४ मध्ये मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये बाबांचं वेल्डिंगचं मशीन आणि अर्धवट झालेलं एक गेट. स्वयंपाकघरात आईच्या चकलीच्या सोऱ्याशेजारी ऑर्डरींची वही. मामाजीही आले होते.

आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली, जुम्मा तलावाजवळची ती मिल. कामगारांसाठी तिथे १८८६ मध्येच पेन्शन फंड निघाला होता. आजोबांना सन आठवत नाही, पण "मिलवाल्याले मुलगी डोळे झाकून देत" हे आठवतं. १९८६ मध्ये मिल सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. आजोबा एकदाच तिथे गेले. पाणी प्यायला नळ शोधत होते, कुणीतरी बाटली विकत घ्यायला सांगितलं, ते परत आले.

"मिलमधी लागला म्हंजे लागला," ते म्हणाले. "भोंगा झाला का बाया घड्याळ लावत. आता काय, ठेकेदाराच्या हाताखाली! आज आहे, उद्या नाही."

ठेकेदाराकडे नातीला पाठवायचं नाही हा त्यांचा शब्द होता. २०२२ मध्ये बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून लॅब सहायकाच्या कामासाठी बोलावणं आलं होतं, ठेकेदारामार्फत. ती गेलीच नाही.

मी सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही पहिल्या दिवसापासून पर्मनंट होतात का?"

"नाही बापा. बदलीत होतो."

"बदलीत म्हणजे?"

"रोज सकाळी डबा घेऊन गेटावर उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर आत घेत. नाही तर डबा घेऊन वापस."

"किती दिवस चाललं हे?"

"दिवस?" ते थोडे थांबले. "साडेतीन वर्षं."

नात दारात उभी होती. चोवीस वर्षांत तिने ही गोष्ट ऐकलीच नव्हती. तिला ठाऊक होते ते भोंग्याचे, पर्मनंटचे, बोनसचे दिवस. गेटावरून परत आणलेला डबा कुणी सांगितला नव्हता. आजोबांनी तो लपवला असं मला वाटत नाही. माणूस आयुष्याची गोष्ट सांगताना जिथे पाय टेकले तिथून सुरू करतो, त्याआधीचं चाचपडणं गळून जातं.

बाबांचं वेगळं. आधी ते हिंगणा एमआयडीसीत एका युनिटमध्ये टर्नर होते. २०१२ मध्ये नोकरी सोडून फॅब्रिकेशनचं स्वतःचं काम सुरू केलं. दोन पोरं हाताखाली होती. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी, मार्च २०२० चा लॉकडाउन, त्यानंतर लोखंडाचे चढलेले भाव. एकेक धक्का सोसवला, पण या धक्क्यांत दोन्ही पोरं एकेक करून कमी झाली. आता ते एकटे आहेत. बिल्डरकडे अडकलेले पैसे मागायला जातात तेव्हा जाण्या-येण्याचं पेट्रोल मनात मोजतात. देशाची वाढ सहा टक्के की आठ टक्के हे टीव्हीवर ऐकून त्यांना राग येतो, कारण त्यांच्या शेडमध्ये तीनाचा एक झाला आहे. मुलीने सरकारी नोकरीच धरावी हा हट्ट तिथून आला. दोन खासगी बोलावणी त्यांनी स्वतः नाकारली होती: "आठ हजारासाठी काऊन जाते? अभ्यास कर."

मामाजी बेसा-पिपळा भागात प्लॉटची दलाली करतात. मेट्रो आली, डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला, वर्धा रोडला इमारती उठल्या. त्यांनी हे सगळं बघितलंय आणि त्यातून घर चालवलंय. ओळखीने त्यांनी भाचीसाठी एका कॉल सेंटरची मुलाखत लावून दिली होती. काम रात्रपाळीचं होतं, ती नाही म्हणाली, आणि मामाजींच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: "भाऊजी, काम आहे. पोरीलेच करायचं नाही."

आईला विचारलं तेव्हा ती वहीच घेऊन आली. उन्हाळ्यात पापड-कुरडया, दिवाळीत चकली-शेव, अशी घरून विक्री. पानं उलटत म्हणाली, "गिऱ्हाईकं तेवढीच आहेत ताई. पण आधी दोन किलो नेत होते, ते किलो नेतात. किलोवाले अर्धा." तिने बोट ठेवलं त्या पानावर एका बाईच्या नावापुढे सलग तीन दिवाळ्या लिहिल्या होत्या: २, १॥, १. त्या रविवारी अर्थव्यवस्थेबद्दल जे जे बोललं गेलं त्यात सगळ्यात नेमकं हे होतं, आणि तिला त्या घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

घरात कमावते किती?

मी मग एक प्रश्न टाकला. या घरात काम करणारी माणसं किती?

बाबा म्हणाले, "एक. मी." मामाजींनी मान डोलावली. आईनेही.

देशातल्या बेरोजगारीचा आकडा ज्या सर्वेक्षणातून निघतो, त्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची रीत मी त्यांना सांगितली. तिथे घरच्या धंद्यात केलेलं काम धरतात, पगार असो वा नसो. मुख्य काम दुसरं असलं तरी वर्षात किमान तीस दिवस धंद्याचं काम केलं तर ते जोडकाम म्हणून मोजलं जातं आणि माणूस रोजगारात येतो. आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं तरी पुरतं. म्हणजे आई पक्की कामगार. बाबाही रोजगारात, शेडमध्ये गेट अर्धवट पडलेलं असलं तरी. आणि मुलगी? कुणी दारावर आलं असतं आणि घरच्यांनी "घरीच असते, परीक्षेची तयारी करते" एवढंच सांगितलं असतं, तर ती बेरोजगार म्हणूनही लिहिली गेली नसती. काम शोधते आहे किंवा कामाला तयार आहे असं असेल तरच माणूस बेरोजगारांत मोडतो, नाही तर तो श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणारे आणि बेरोजगार या दोघांच्या बेरजेच्या, बाहेर.

या रीतीने बघितलं की आकडे समजायला लागतात. २०१७-१८ मध्ये बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला. पंधरा वर्षं आणि त्यावरच्या बायकांपैकी श्रमशक्तीत असणाऱ्यांचं प्रमाण याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेलं. मात्र २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाले सुमारे ५८ टक्के होते, आणि १५ ते २९ वयाच्या तरुणांतली बेरोजगारी १०.२ टक्के, म्हणजे एकूण दराच्या तिप्पट. मामाजींना पहिल्या आकड्यात आपलं म्हणणं दिसतं. बाबांना तिसऱ्यात दिसावं, कारण ते स्वतः त्या अठ्ठावन्नांत आहेत. शेवटचा आकडा मुलीचा आहे. सगळे एकाच अहवालातले आहेत.

आई एवढंच म्हणाली, "म्हणजे मी मोजल्या जाते?"

वही

जेवणं झाल्यावर मी मुलीची अर्जांची वही घेऊन बसले. डिसेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात ३७ ठिकाणी अर्ज. ९ फोन. ४ मुलाखती. नोकरी शून्य. बाबांना हा 'मंदीचा पुरावा' वाटत होता आणि मामाजींना 'पोरीच्या नशिबाचा'. आम्ही एकेक नोंद उघडून बघितली.

३७ पैकी २२ अर्ज अकाउंट, डेटा एंट्री, बँकेचं बाहेरून दिलेलं काम असे होते, माझ्या सल्ल्यामुळे. तिथे बी.कॉम. झालेल्यांची रांग, तिला कोण विचारणार? एका 'कन्सल्टन्सी'ने फाइल चार्ज म्हणून साडेतीन हजार मागितले. आईच्या ऑर्डरींचे पैसे होते ते, गेले. नोकरी लावून देतो म्हणून उमेदवाराकडून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जायचंच नाही, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते. तेव्हा सांगितलं नव्हतं.

उरलेल्या पंधरांतल्या सहा जागा तिच्या विषयाच्या होत्या: केमिस्ट, क्वालिटी, लॅब. तिथे खरे अडथळे सापडले. पहिला अंतराचा. बुटीबोरी शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. मेट्रोची नारिंगी मार्गिका खापरीला संपते, पुढे बस किंवा ऑटो. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. तिथे 'मुली येत नाहीत' असं लिहून ठेवणारे आणि 'पोरीला पाठवत नाही' म्हणणारे, दोघंही या एका बसबद्दल बोलत असतात.

दुसरा कागदांचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे निराळं. त्यामुळे बँक खातं आधारशी जोडलं गेलं नव्हतं. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पैसे जमा व्हायची वेळच आली नव्हती.

तिसरा सगळ्यात मोठा. दोन मुलाखतींत तिला विचारलं होतं, "प्रॅक्टिकल केलंय का?" आणि तिने खरं सांगितलं होतं, "शेवटच्या वर्षी नाही." मुलाखत तिथेच संपली. घरी येऊन तिने वहीत लिहिलं होतं: 'अनुभव नाही म्हणाले.' खरं तर त्यांनी अनुभव विचारलाच नव्हता. हाताची सवय विचारली होती. या दोन्हींत फार अंतर आहे. अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही, हाताची सवय आठ-दहा दिवसांत परत येते.

वहीत नसलेल्या जागाही मी मोजल्या. बाबांनी नाकारलेली दोन बोलावणी, आजोबांमुळे हुकलेली बुटीबोरी, आणि तिने स्वतःच 'मिळणार नाही' म्हणून न पाठवलेले अर्ज. हे दरवाजे कुठल्याही मंदीने बंद केले नव्हते.

फिकट गुलाबी

आमच्या संस्थेच्या ओळखीतले एक रसायनशास्त्राचे शिक्षक आहेत. त्यांनी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा तिला चार शनिवार उघडून दिली. ती नुसती टायट्रेशन करत राहिली, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्रव सोडून तो किती लागला ते मोजायचं. पहिल्या शनिवारी दर वेळी थेंब जास्त पडायचा. चौथ्या शनिवारी तीन वाचनं सारखी आली.

ऑगस्टमध्ये हिंगणा एमआयडीसीतल्या एका खाद्यतेलाच्या युनिटमध्ये मुलाखत होती. लॅबचे प्रमुख साठीला आलेले. प्रमाणपत्रं त्यांनी बाजूला ठेवली आणि सोयाबीनच्या कच्च्या तेलाची बाटली पुढे केली. "याचं एफएफए काढून दाखव."

एफएफए म्हणजे तेलातली मुक्त स्निग्धाम्लं. ती जास्त असली तर तेल शुद्ध करताना घट जास्त येते, म्हणून टँकर आला की पहिली चाचणी ही. तिने दहा ग्रॅम तेल मोजून घेतलं, आधी उदासीन केलेलं गरम अल्कोहोल ओतलं, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला सुरुवात केली. रंग फिकट गुलाबी यायला हवा आणि तीस सेकंद टिकायला हवा. तिचा गडद आला. हात थरथरला होता.

"सर, हे जास्त झालं. मी पुन्हा करते."

दुसऱ्यांदा २.१ मिलिलिटर लागलं. २८.२ गुणिले ०.१ गुणिले २.१, भागिले दहा. ०.५९ टक्के. ते तिने वहीत पेन्सिलीने लिहिलं. प्रमुखांनी पेन पुढे केलं. "लॅबमध्ये पेन्सिल चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, सही करायची. खोडायचं नाही." नंतर ते मला फोनवर म्हणाले, पहिलं वाचन दडपून उत्तर सांगणारी मुलं त्यांनी खूप पाहिली आहेत.

पगारी जागा मात्र रिकामी नव्हती. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली होती: सहा महिने प्रशिक्षण, पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन, थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. युनिटने योजनेत नोंदणी केली होती. आम्ही आधी स्पेलिंग दुरुस्त करून घेतलं, मग खातं जोडलं, मग अर्ज भरला. क्रम उलटा झाला असता तर पैसे अडकले असते.

जायचं कसं हा प्रश्न उरला. मानेवाड्याहून बसने बर्डी (सीताबर्डी), तिथून मेट्रोने लोकमान्यनगर, पुढे शेअर ऑटो. ट्रायलला गेले त्या दिवशी मला दीड तास लागला. आईने ऑर्डरींच्या पैशातून जुनी स्कूटी घेऊन दिली, अठ्ठावीस हजारांत. बाबांनी स्वतः ब्रेक तपासले.

आजोबांची हरकत होती. प्रशिक्षण म्हणजे ठेकेदारीचीच बहीण, असं ते म्हणाले आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. योजना संपल्यावर काय, याचं लेखी उत्तर कुणाकडेच नव्हतं. नातीने एवढंच म्हटलं, "आजोबा, मी गेटावर उभी राहून येते ना. तुम्ही पण तर होता." ते गप्प झाले.

चौदा सप्टेंबर

कामावर लागून आठवडाही झाला नव्हता आणि केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं, शुद्ध तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५. सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खाली होते, शेतकऱ्याला आधार मिळावा हा हेतू सांगितला गेला.

त्या घरात हा निर्णय तीन वाटांनी शिरला. दिवाळी तोंडावर होती आणि आईचा तेलाचा डबा काही दिवसांतच काही शे रुपयांनी महागला. चकलीचा भाव वाढवला तर किलोवाली बाई अर्ध्या किलोवर येणार, न वाढवला तर कष्ट फुकट. मुलीच्या लॅबमध्ये मात्र नमुन्यांच्या बाटल्या वाढल्या. देशी सोयाबीन गाळणाऱ्यांच्या गाड्या येत होत्या, तिला दिवसाला पाच-सहा जास्तीच्या चाचण्या कराव्या लागल्या. आणि काटोलकडचे काकाजी दिवाळीला आले ते वैतागून. त्यांचं सोयाबीन ४,८९२ रुपये क्विंटलच्या हमीभावापेक्षा बरंच खाली गेलं होतं.

त्या रात्रीचं जेवण मला मुलीने सांगितलं. आई म्हणाली महागाई वाढली. काकाजी म्हणाले भाव पडले. ती म्हणाली काम वाढलं. एकाच बियाचं तेल, एकाच महिन्यात. पण त्या रात्री भांडण झालं नाही. काकाजींनी तिला विचारलं, बाजारात ओलावा जास्त म्हणून भाव पाडतात तो कसा मोजतात? तिने वजन, भट्टी, पुन्हा वजन असं समजावून सांगितलं. ताटं वाळून गेली तरी ते दोघं बोलत बसले होते.

मामाजींचं मत फारसं बदललं नाही. 'सांगितलं होतं ना, काम आहे' असं ते आजही म्हणतात. बाबांच्या शेडमध्येही काही चमत्कार झाला नाही.

आजची स्थिती

योजनेची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली, त्यामुळे ती अकरा महिने प्रशिक्षणात राहिली. दरम्यान मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क निम्म्यावर आणलं गेलं आणि आपली जागा राहते की नाही या काळजीत तिचा तो जून गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिटने तिला स्वतःच्या पटावर घेतलं, ट्रेनी केमिस्ट म्हणून, एक वर्षाच्या पत्रावर. हातात साडेदहा हजारांच्या आसपास येतात. तिच्याबरोबर त्याच योजनेत असलेल्या दोघांना घेतलं नाही, त्यातला एक मुलगा तिच्यापेक्षा हुशार होता असं तीच सांगते. तो आता पुन्हा अभ्यासिकेत बसतो.

तिने तलाठ्याची पुस्तकं विकलेली नाहीत. रविवारी अर्धा दिवस बसते. बाबांसाठी की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात ती केंद्रात आली होती. सांगत होती, आजोबांनी भविष्य निधीचं पासबुक मोबाइलवर दाखवायला लावलं. १२,००० च्या पगारावर तिचे कापलेले १,४४०. शेजारच्या रकान्यात कंपनीचे ४४०. आजोबा खवळले, मालक कमी का देते म्हणून. तिने तिसरा रकाना दाखवला, कंपनीनेच भरलेले पेन्शनचे १,०००. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली आणि मग पटलं.

बाबा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मी हिंगण्याला होतो तवाचं माझं पण कापत होते. ते निघते का?"

ट्रंकेतून एक पिवळी पावती निघाली आहे, २००९ ची. तिच्यावर खाते क्रमांक स्पष्ट आहे. बाबांचं नाव मात्र तिथे तिसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेलं आहे. येत्या मंगळवारी ती अर्धी रजा टाकून त्यांना भविष्य निधीच्या कार्यालयात घेऊन जाणार आहे.